जांबोटीच्या झऱ्यावर तेलकट तवंग : खाली खरंच तेल आहे का?

जांबोटीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचं शेत बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. भाताच्या खाचराला लागून एक बारमाही झरा आहे. यंदा पाऊस ओसरल्यापासून त्याच्या पाण्यावर तेलासारखा तवंग दिसतोय. उन्हात निळा-जांभळा रंग मारतो, आणि कडेच्या दगडांवर तांबूस गाळ बसलाय. आमचे चुलते बरीच वर्षं आखातात कामाला होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हे क्रूड हाय, जमीन विकू नका." झालं, गावाला विषय मिळाला. आता बाहेरगावची लोकं पण बघायला येऊलालेत. ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा काय, इथपर्यंत बोलणं गेलंय.

तवंग कशाचा ते घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि हे क्रूड म्हणजे नक्की असतं काय? आम्हाला पंपावर पेट्रोल भरण्यापलीकडे काही ठाऊक नाही.

उद्यमबागवाला

अर्ज द्यायच्या आधी तेवढे दोन कॅन भरून इकडं पाठवा की. हायड्रॉलिक ऑइलचं बिल बघवत नाही.

गंमत सोडा. वरच्या अंगाला कोण ट्रॅक्टर धूत नाही ना? नाहीतर डिझेल पंपाचं गळतं असेल. आधी ते बघा.

टिळकवाडीच्या बाई

जांबोटीकर, एक वाळकी काडी घ्या आणि तवंगाच्या मधोमध हलकेच फिरवा. खनिज तेल असेल तर ते काडीमागे वळसे घेत लांबतं, आणि काडी उचलली की पुन्हा एकसंध होतं. तवंगाचे कोनेदार तुकडे पडले आणि ते तसेच सुटे तरंगत राहिले, तर ते तेल नव्हे, लोहजीवाणूंचं काम आहे.

तुमच्याकडच्या जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेलं लोह असतं. पाणी उघड्यावर आलं, हवेतला ऑक्सिजन मिळाला, की हे जीवाणू त्या लोहाचा गंज करतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. पाण्यावर येतो तो त्याचाच अतिशय पातळ पापुद्रा. दगडांवरचा तांबूस गाळही तोच. रंग दिसतात ते पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूंनी परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो म्हणून. तेलाच्या थरातही हेच घडतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी फसगत होते.

वासही घ्या. तेलाला रॉकेलच्या जातीचा वास येईल, याला चिखलाचा, कुबट.

जांबोटीकर

काडी फिरवली. तुकडे झाले, आणि जोडले नाहीत. वासही कुबटच. चुलत्यांना सांगितलं तर म्हणाले, "बाईंना वरचं पाणी कळलं, पण खाली काय हाय ते काडीनं कसं कळणार?" याचं उत्तर द्या बाई, नाहीतर मला घरी जेवण मिळायचं नाही. आणि ठिबकला हे पाणी चालेल का?

टिळकवाडीच्या बाई

ठिबकला थेट जोडू नका. हाच गाळ नळ्यांत वाढतो आणि तोट्या चोंदतात. पाणी आधी टाकीत उंचावरून पाडा, हवा लागू द्या, गाळ खाली बसू द्या, मग गाळून वापरा.

चुलत्यांचा प्रश्न रास्त आहे. तेल वाटेल तिथे तयार होत नाही. समुद्रातले अगदी बारीक जीव, शेवाळी, मरून तळाच्या चिखलात गाडले जावे लागतात, आणि तेही ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या चिखलात, नाहीतर ते कुजून संपतात. (डायनोसॉरचा काही संबंध नाही. पेट्रोलमध्ये डायनोसॉर असतो हे मुलांना कोण शिकवतं देव जाणे.) वर थरावर थर साचत जातात. साधारण दोन ते चार किलोमीटर खोलीवर, ६० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास, त्या अवशेषांचं तेल होतं. त्याहून फार तापलं तर तेलही टिकत नाही, वायू होतो. मग ते तेल साठायला सच्छिद्र खडक लागतो, आणि वर निसटू न देणारा घट्ट खडकाचा थर. यातलं एक जरी नसलं तरी तेल नाही.

मुंबई हायला हे सगळं जुळून आलं. १९७४ साली 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खणणाऱ्या रिगने मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला, समुद्रतळाखालच्या चुनखडीत तेल शोधलं. आसामात दिगबोईला तर १८८९ मध्येच विहीर लागली होती आणि १९०१ पासून तिथे शुद्धीकरणही चालू झालं.

आपल्या पायाखाली काय आहे? जिल्ह्याच्या मोठ्या भागात दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. गोकाकच्या धबधब्याला जो वालुकाश्म दिसतो तो शंभर कोटी वर्षांहून जुना. जगातलं बहुतेक तेल त्याहून कितीतरी तरुण, समुद्री गाळाच्या खडकांतलं आहे. चुलत्यांना सांगा, जमीन विकू नका हा सल्ला मात्र योग्यच आहे.

अथणी द्राक्षवाला

वाचनखूण साठवली. बाई, शेवटची ओळ लय भारी.

बारावी सायन्स

मॅडम, आमच्या पुस्तकात क्रूड म्हणजे हायड्रोकार्बनचं मिश्रण एवढंच दिलंय. पण पेट्रोल, डिझेल, डांबर सगळं त्यातच असतं म्हणजे कसं? मिसळलेलं असतं की नंतर बनवतात?

उगारकर

याला मी उत्तर देतो, कारण आमच्या कारखान्याच्या डिस्टिलरीत जो कॉलम उभा आहे तोच प्रकार रिफायनरीत आहे, फक्त आकार प्रचंड.

दोन्ही. काही असतं, काही बनवावं लागतं. क्रूड हा एक पदार्थ नव्हेच. वजनाने ८३ ते ८७ टक्के कार्बन, १० ते १४ टक्के हायड्रोजन, बाकी गंधक, थोडा नायट्रोजन आणि ऑक्सिजन, आणि निकेल-व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अंश. पण या दोन मूलद्रव्यांच्या जोडण्या हजारो. कार्बनची साखळी सरळ असेल, फाटे फुटलेली असेल, गोल कडं झालेली असेल. साखळी जेवढी लांब तेवढे रेणू एकमेकांना धरून ठेवतात आणि उकळायला जास्त उष्णता लागते. सगळा खेळ या एका गोष्टीवर.

आमच्याकडे वॉशमधून, म्हणजे आंबवलेल्या मळीतून, अल्कोहोल वर जातं आणि पाणी खाली राहतं. तिथे भट्टीत क्रूड ३५० ते ३७० अंशांपर्यंत तापवून कॉलममध्ये सोडतात. वाफ वर चढत थंड होत जाते आणि ज्याचा त्याचा उत्कलनबिंदू आला की त्या ट्रेवर तो तो भाग द्रव होतो. अगदी वरून गॅस, ३-४ कार्बनवाला, तोच आपला सिलिंडर. त्याखाली नाफ्था, म्हणजे ५ ते १२ कार्बनचा भाग, ज्यातून पेट्रोल होतं. मग रॉकेल आणि सांबऱ्याच्या विमानतळावर विमानात भरतात ते इंधन. मग डिझेल. तळाला काळा गाळ उरतो. त्याला आणखी तापवलं तर रेणूच तुटायला लागतात, म्हणून तो दुसऱ्या कॉलममध्ये हवेचा दाब कमी करून उकळतात. निर्वातात कमी तापमानाला उकळी येते. साखर कारखान्यात पॅनला व्हॅक्यूम लावतात त्याचंही कारण हेच, नाहीतर साखर करपेल. त्यातून जड तेलं निघतात, ज्यांच्यापासून वंगण होतं, आणि शेवटी डांबर.

उद्यमबागवाला

म्हणजे माझं हायड्रॉलिक ऑइल दुसऱ्या कॉलममधलं. आणि भट्टीला जाळायचं फर्नेस ऑइल तळचं. आता कळलं थंडीत ते पाइपात का अडतं, गरम केल्याशिवाय हलतच नाही.

बारावी सायन्स

मग देश जेवढं पेट्रोल वापरतो तेवढंच बरोबर क्रूडमधून निघतं का? नसेल निघत तर?

उगारकर

शाब्बास, खरा प्रश्न हाच. नाही निघत. तळाचा जड भाग लोकांना नको असतो आणि पेट्रोल-डिझेल हवं असतं. म्हणून लांब साखळ्या तोडतात. १९१३ च्या सुमारास अमेरिकेत नुसत्या उष्णतेने आणि दाबाने तोडायची रीत धंद्यात आली. आता झिओलाइट नावाच्या सच्छिद्र उत्प्रेरकाच्या भुकटीवरून ५०० अंशांच्या वर जड वाफ नेतात आणि ती क्षणांत तुटते. तुटलेल्या कार्बनचा थोडा थर भुकटीवर बसतो. तो जाळून टाकायचा आणि त्याच उष्णतेवर पुढचा घाणा चालवायचा. अगदी जे काही तुटत नाही त्याचा पेटकोक, म्हणजे कोळशासारखा घट्ट कार्बन, होतो आणि सिमेंटच्या भट्ट्यांत जातो.

तेव्हा पंपावरचं पेट्रोल जमिनीतून आलेलं असलं तरी त्यातले निम्मेअधिक रेणू जमिनीत तसे नव्हतेच म्हटलं तरी चालेल.

ऑटोनगर मिस्त्री

मी पस्तीसेक वर्षं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करूलालोय. एक गोष्ट लोकांना पटत नाही ती इथं लिहितो. पेट्रोल काडीनं भसकन पेटतं, डिझेलच्या वाटीत काडी टाकली तर बऱ्याचदा विझते. म्हणून सगळे म्हणतात पेट्रोल 'लवकर पेटणारं'. पण इंजिनात उलटं. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. हवा सोळा-अठरापट दाबली की ती ५०० अंशांच्या वर तापते, त्यात डिझेलचा फवारा गेला की आपोआप पेटतो. तिथं पेट्रोल घातलंत तर वेळेवर पेटत नाही, इंजिन खडखडतं, आणि पंपाचं वंगण जातं ते वेगळंच. पंप आतून डिझेलवरच भिजत असतो.

उलट पेट्रोल इंजिनात इंधनानं ठिणगीची वाट बघायला पाहिजे. आधीच पेटलं तर नॉकिंग. चढाला टॉप गिअरमध्ये गाडी ओढली की टकटक वाजतं ना, तेच.

हे असं का, ते बाईंनी सांगावं. मला नुसतं कळतं की होतं असंच.

टिळकवाडीच्या बाई

मिस्त्री, तुम्ही अगदी नेमकं लिहिलंत. दोन वेगळ्या गोष्टींना आपण 'पेटणं' हा एकच शब्द वापरतो. काडीने पेटायला आधी वाफ लागते. पेट्रोलचे रेणू लहान, त्यामुळे उणे ४० अंशांनाही त्याची पेटण्याजोगी वाफ सुटते. डिझेलचे रेणू मोठे, त्याला बरंच तापवल्याशिवाय तेवढी वाफ होत नाही.

आपोआप पेटायला मात्र रेणू तुटावा लागतो. लांब सरळ साखळी गरम हवेत सहज तुटते, फाटे फुटलेला आणि कड्याचा रेणू चिवट असतो. म्हणून मोजमापही दोन. डिझेलचा सेटेन आकडा १६ कार्बनच्या सरळ साखळीला १०० धरून ठरवतात. बीएस-६ (गाड्यांच्या प्रदूषणाचं सरकारी प्रमाण) डिझेलचा किमान ५१ लागतो. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा फाटे फुटलेल्या आयसो-ऑक्टेनला १०० आणि ७ कार्बनच्या सरळ हेप्टेनला ० धरून. डिझेलला जे चांगलं तेच पेट्रोलला वाईट.

कॉलममधून निघालेला नाफ्था ऑक्टेनला कच्चा असतो. पूर्वी त्यात शिशाचं संयुग घालत. १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांनी त्याचा हा उपयोग शोधला, आणि त्याचं विष जगभरच्या शहरांच्या हवेत पसरलं. भारतात २००० सालापासून ते बंद झालं. आता प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर सरळ साखळ्यांची कडी करतात. त्यात हायड्रोजन मोकळा होतो, आणि तोच पुढे डिझेलमधलं गंधक काढायला वापरतात. रिफायनरीत काही फुकट जात नाही.

अथणी द्राक्षवाला

गंधक काढून करतात काय? आम्ही द्राक्षाच्या भुरी रोगावर फवारतो ते गंधक कुठनं येतं मग?

उगारकर

बरंचसं तिथनंच! जगात आता बहुतेक गंधक तेल आणि वायूच्या शुद्धीकरणातून येतं, खाणीतनं नाही. डिझेलमधल्या गंधकाला हायड्रोजन जोडला की हायड्रोजन सल्फाइड होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. त्यातून पिवळं शुद्ध गंधक वेगळं करतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये किलोला १० मिलिग्रॅम. हिशेब करा, हजारपट कमी.

आणि आमच्या कारखान्यात तेच गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात, चुन्याबरोबर. पांढरी साखर होते ती त्यामुळे. तुमच्या चहातली साखर आणि तुमच्या ट्रॅक्टरचं डिझेल यांचं नातं असं आहे.

कागलकर

रसायन झालं, आता व्यवहाराचं बोला. आम्ही कोगनोळीचा टोलनाका ओलांडून निपाणीकडे पेट्रोल भरायला येतो कारण तिकडे स्वस्त. काहीजण म्हणतात कर्नाटकातलं पेट्रोल 'हलकं', मायलेज देत नाही. खरं काय?

निपाणी पंप

हे मी रोज ऐकतो. माल तोच हो, देशभर एकच बीएस-६ प्रमाण. फरक राज्याच्या कराचा. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपला कर लावतं, म्हणून वीस किलोमीटरवर भाव बदलतो.

'हलकं' म्हणणाऱ्यांनी डेन्सिटी, म्हणजे घनता, मागावी. पंपावर मागाल तर दाखवावीच लागते. जारमध्ये पेट्रोल, त्यात हायड्रोमीटर आणि थर्मामीटर. आलेला आकडा तक्त्यावरून १५ अंशांच्या हिशेबात आणायचा. पेट्रोल घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या मध्ये असतं. टँकर आला तेव्हा नोंदलेल्या आकड्यापेक्षा ३ किलोहून जास्त फरक पडला तर गडबड. रॉकेल मिसळलं तर पेट्रोल जड होतं, लगेच कळतं. फिल्टर पेपरवर एक थेंब टाका, दोन-एक मिनिटांत डाग न ठेवता उडाला पाहिजे. मापावर शंका असेल तर पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप पंपावर असतंच.

आणि ते सकाळी गारव्यात पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं, ते डोक्यातून काढा. दहा अंशांना पेट्रोल सव्वा टक्का फुगतं हे खरं, पण टाकी जमिनीखाली असते. तिथं सकाळ-दुपारचा फरक पोचतच नाही.

खडेबाजार

एका ठिकाणी वाचलं की एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. एक लिटर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो! पाऊण किलोतून सव्वादोन किलो? पर्यावरणवाले काहीही छापतात.

बारावी सायन्स

मी करतो मॅडम! एक लिटर ७४० ग्रॅम धरला. त्यात ८५ टक्के कार्बन, म्हणजे ६३० ग्रॅम. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन चिकटून ४४ ग्रॅम होतात. ६३० गुणिले ४४ भागिले १२, आलं २३१० ग्रॅम. वजन वाढतं ते हवेतून आलेल्या ऑक्सिजनचं.

टिळकवाडीच्या बाई

बरोबर. आता उरलेल्या हायड्रोजनचंही कर. साधारण ११० ग्रॅम हायड्रोजनपासून जवळजवळ एक लिटर पाणी होतं. डिसेंबरच्या सकाळी कॅम्पात गाडी चालू केली की सायलेन्सरमधून ठिबकतं ते हेच. गाडी तापली की तेच पाणी वाफ होऊन जातं, म्हणून दिसत नाही. आणि हे सगळं जळायला एका लिटरमागे जवळजवळ ११ किलो हवा लागते. आपण फक्त पेट्रोलचे पैसे देतो.

खडेबाजार

मान्य. पोरगं हुशार आहे.

ऑटोनगर मिस्त्री

आता ई-२० बद्दल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, कोणतरी बोला. माझ्याकडं रोज चार जण येतात, मायलेज पडलं म्हणून. उगारकर, तुमच्या कारखान्याचंच पाप हाय ते.

उगारकर

पाप आणि उसाचं बिल दोन्ही आमच्याकडूनच, मिस्त्री.

हिशेब सांगतो. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो, म्हणजे तो थोडा जळून आलेलाच. म्हणून लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा. वीस टक्के मिसळलं तर एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. उलट बाजूला इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर, त्यामुळे त्यासाठी जुळवलेल्या इंजिनात थोडी भरपाई होते. जुन्या गाडीत ती होत नाही. 'काहीच फरक नाही' म्हणणारे चूक आणि 'वीस टक्के पडलं' म्हणणारेही चूक. त्यांनी टायरची हवा आणि एअर फिल्टर बघावा.

क्रूडची आयात कमी होते ही जमेची बाजू, कारण आपल्याला लागणाऱ्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरूनच येतं. पण एक टन उसाच्या रसातून इथेनॉल मिळतं साधारण ७० लिटर, आणि त्या उसाने कृष्णेचं किती पाणी प्यालं ते कागवाड-अथणीच्या शेतकऱ्याला विचारा. मी कारखान्यात असूनही हे लिहितोय.

अथणी द्राक्षवाला

+१. यावर वेगळा धागा काढा, नाहीतर इथं बाईंच्या रसायनाचं वाटोळं होईल.

खडेबाजार

माझी वडिलांच्या वेळची स्कूटर आहे, महिन्यातून एकदा काढतो. तिला ई-२० चालेल का? टाकी भरून ठेवू की रिकामी?

निपाणी पंप

इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं, आणि कार्ब्युरेटरला आधी तेच जातं. म्हणून आम्ही सुद्धा पावसाळ्यात डिप रॉडला पेस्ट लावून टाकीतलं पाणी तपासतो. पत्र्याची टाकी अर्धी ठेवलीत तर रिकाम्या जागेतल्या हवेतून ओल आणि गंज. दोनच पर्याय, लागेल तेवढंच भरून लवकर संपवा, नाहीतर पूर्ण रिकामी करून, कार्ब्युरेटरचं बाऊल सुद्धा सोडून ठेवा.

ऑटोनगर मिस्त्री

आणि रबरी नळी, फ्लोटचं वॉशर बदलून घ्या. जुनं रबर इथेनॉलनं फुगतं. या एकदा ऑटोनगरला घेऊन, पण ढकलत आणू नका, टेम्पोत टाका.